तिसावा आठवडा, सव्वीस सेंटिमीटर

टेप पुन्हा लावली. पुन्हा सव्वीसच.

टेबलावर मधुरा झोपली होती. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली सून, पहिलटकरीण, तिसावा आठवडा. पोटावर टेप लावून आम्ही गर्भाशयाची उंची मोजतो. जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर. एक-दोनचा फरक चालतो, चारचा नाही. कार्डावर मात्र वजन दर महिन्याला किलोभर वाढलेलं. आई वाढतेय आणि बाळ नाही, हे मला पटेना.

सत्तावीस वर्षं मी नर्स आहे, त्यातली नऊ कोलार रोडच्या या नर्सिंग होममध्ये. मी पटकन कुणावर विश्वास ठेवत नाही, कार्डावर तर नाहीच. मधुराकडे नीट बघितलं. डिसेंबर होता. थर्मल, कुर्ता, कार्डिगन, वर जाड शाल. कार्डिगनच्या खिशांत मोबाईल आणि किल्ल्या. सप्टेंबरमध्ये पहिलं वजन घेतलं तेव्हा अंगात नुसता कुर्ता होता.

"हे सगळं उतरव आणि गाऊन घालून काट्यावर चढ."

सप्टेंबरपेक्षा काटा फक्त अर्धा किलो पुढे होता. तीन महिन्यांत एवढंच. आम्ही तिच्या लोकरीचं वजन लिहीत होतो आणि पुढे 'गुड' असा शेरा मारत होतो. अक्षर माझंच होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते.

"जेवत नाहीस का?"

"जेवते ना, सिस्टर."

"मधुरा!"

तिचे डोळे भरले. "जाऊबाईंचं बाळ चार किलोचं होतं, त्यांचं सीझर झालं. सगळे म्हणतात, बच्चा छोटा रहेगा तो नॉर्मल हो जाएगा. सासूबाई ताट भरून वाढतात. मी अर्धं यांच्या डब्यात टाकते."

बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता. शर्टाची बटणं ताणलेली. वजन वाढलं होतं, पण भलत्याच माणसाचं.

डॉक्टर मॅडमनी लगेच सोनोग्राफी केली. बाळ लहान होतं, पण नाळेतून रक्त व्यवस्थित जात होतं. पोट बारीक, डोकं मात्र वयाप्रमाणे. "कमी मिळालं की बाळ आधी मेंदूला पुरवतं, बाकीचं मागे ठेवतं," मॅडम म्हणाल्या. मी स्क्रीनकडे बघतच राहिले. एवढासा जीव, कुणी न शिकवता, काय वाचवायचं ते ठरवत होता.

मग मॅडम मधुराला म्हणाल्या, "अगं, अर्धपोटी बाळ कळा सोसताना दमतं. त्याचे ठोके मंदावले की मला सीझरच करावं लागतं. आणि हे असंच चाललं तर बाळ पोटातच दगावू शकतं."

सोबत आलेल्या सासूबाई मूळच्या अमरावतीच्या. त्या पुढे आल्या. "म्हणजे माह्या हातचं सारं पोरगाच खात होता जी?" मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "आता माह्यासमोर बसून जेवाचं."

मधुरा दर आठवड्याला येऊ लागली. गाऊन, काटा, टेप. सत्तावीस. अठ्ठावीस. तिसऱ्या खेपेला तीस! टेप हातात धरून मी थांबले. वरणभात, अंडी, दूध, शेंगदाणे, यातूनच आत हाडं आणि मांस तयार होत होतं. हजारो पोटं मोजली असतील मी, तरी त्या दिवशी अंगावर काटा आला.

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. नॉर्मल. दोन किलो चारशे. आम्ही निदान अडीच किलोची अपेक्षा धरतो, त्याला शंभर ग्रॅम कमी. पण रडली अशी की पार शहराबाहेर मिसरोदपर्यंत ऐकू जावं.

मधुराने तिला छातीशी घेतलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, वो सौ ग्राम मेरी वजह से?"

"अर्धे तुझ्यामुळे," मी म्हटलं. "अर्धे माझ्यामुळे."

तेव्हापासून वजन घेण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, काल ताटात काय होतं आणि ते खाल्लं कोणी.