अक्कांची कोरी कॉफी

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत घरोघरी चहा उकळायचा. कॉफीचा वास यायचा तो एकट्या अक्कांच्या घरातून. आमच्या या शेजारीणबाई पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे बौद्ध उपासकांचं आठ नियमांचं व्रत, घेत. त्या दिवशी दुपारनंतर अन्नाचा कण नाही, पण संध्याकाळी कोरी कॉफी हवीच. यजमान फौजेत असताना कर्नाटकात, कॉफीच्या मळ्यांजवळ राहिल्या, तिथे लागलेली ही सवय.

माझे वडील दारू प्यायचे. सोडायचं ठरवायचे, पण दिवेलागणीला पाय गुत्त्याकडे वळायचेच. एकदा आई अक्कांजवळ रडली. त्याच संध्याकाळी कुंपणावरून वडिलांना हाक आली, "ये रे भाऊ, कॉफी तयार शे."

"कडू जहर शे हाई!" वडील तोंड वाकडं करायचे. पण रोज जायचे, आणि अक्का ती अवघड वेळ गप्पांत काढायच्या. हळूहळू गुत्ता सुटला.

पुढे पावसाळ्यातल्या वर्षावासात अक्कांनी विहारात सगळ्यांसाठी कॉफी केली. विहाराचं काम पाहणारे नाना सर्वांदेखत म्हणाले, "अक्का, हीसुद्धा नशाच. पाचवं शील मोडतं." वडिलांनी पेला खाली ठेवला.

अक्का चिडल्या नाहीत. "नाना, हा वाद लई जुना. रात्री जप करताना झोप येऊ नये म्हणून सुफी फकीर ही प्यायचे. तर त्यांच्याच धर्मातल्या काहींनी दारूसारखी म्हणून बंदी घातली. तिकडे पाद्रीही म्हणे हिला सैतानाचं पेय म्हणत. शेवटी सगळेच प्यायला लागले! आपल्या देशात हिच्या बिया एका फकिरानंच लपवून आणल्या, असं मळ्यातली माणसं सांगायची. शील बेहोशीबद्दल बोलतं ना? दारू शुद्ध घालवते. ही जागं ठेवते. कुणाकुणाला जागं राहायची फार गरज असते, नाना."

नानांनी एक पेला पुढे ओढला. मग म्हणाले, "साखर टाका थोडी." वडिलांनी पेला उचलला.

गुडघे थकल्यावर लेकीने अक्कांना धुळ्याला नेलं. वडिलांना ती संध्याकाळ जड गेली, पण ती निभावली, आणि नंतरच्याही. गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. धुळ्याच्या शोकसभेत, चारचौघांत कधीही न बोललेले माझे वडील उभे राहिले.

"अक्कांनी मला दारू सोड असं एकदाही सांगितलं नाही," ते म्हणाले. "नुसत्या बोलावत राहिल्या."

एवढं बोलून ते खाली बसले. आईने सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला. आमच्या घरात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.