दसऱ्याचा बार

लिहिण्याचा मला काय अधिकार, असं सारखं वाटतं. चुकलंमाकलं तर माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बंदुकीतलं मला काही कळत नाही. पाहिलं तेवढं सांगतो.

बाबा मसोलीच्या बाजूला एका चिकूवाडीचे रखवालदार. शेठचं जुनं पिस्तूल आहे. लायसनवर राखणीसाठी बाबांचंही नाव. दसऱ्याला वाडीत कोयते, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर यांना झेंडू वाहतात, आणि शेवटी बाबा पिस्तुलातून हवेत एक बार काढतात. त्याआधी कुणी पेढा तोंडात घालत नाही. यंदा नेहमीची काडतुसं मिळाली नाहीत. शेठनी दुसरी आणली; जाडी तेवढीच, पण आखूड.

“शेठ, ही बुटकी दिसतात.”

“आत जातं ना? मग चालतं. मोठ्या घरात बुटका माणूस राहत नाय काय?”

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी काडतूस हातानंच नळीच्या मागच्या तोंडात सोडलं, हात वर केला, चाप ओढला.

टिक.

“काका, पिस्तुलाचा पण उपास हाय काय?” ट्रॅक्टरवाला ओरडला.

आई म्हणाली, “राहू द्या. ठेवा ते खाली.”

“दसऱ्याचा बार चुकवू? वर्षभर मनाला लागून राहील,” असं म्हणत बाबांनी पिस्तूल तोंडासमोर आणून पाहिलं आणि अंगठ्यानं घोडा पुन्हा ओढला. या वेळी चाप ओढला तेव्हा हात पुरता वर गेलाच नव्हता. आवाज फाटका आला. बाबा दोन्ही हातांनी चेहरा धरून खाली बसले.

पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी काडतुसाची फुटलेली पुंगळी दाखवली. आखूड काडतूस नळीत जास्तच पुढे सरकलं होतं, मागे फट राहिली होती. पहिल्यांदा घोड्याची पिन काडतुसापर्यंत नीट पोचली नाही. दुसऱ्यांदा पोचली, तेव्हा पुंगळी मागे आदळून फाटली, आणि जळता वायू पितळेच्या कपच्यांसकट बाबांच्या चेहऱ्यावर आला.

“बसतं म्हणून चालतं असं नसतं,” ते म्हणाले. मग हळूच, “टिक झाल्यावर पिस्तूल चेहऱ्यापासून लांब धरून थांबायचं असतं.”

आता तलासरीच्या होस्टेलवर कुणी पेन दाबलं, दिव्याचं बटण दाबलं, तरी मी डोळे मिटून थांबतो. बार कधी ऐकू येत नाही. येतो तो आईचा आवाज, ठेवा ते खाली. वर्गात सर विचारतात, झोप झाली नाही का. मी मान हलवतो.

बाबांना वलसाडला नेलं होतं. डावा डोळा वाचेल, उजव्याचं पट्टी काढल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणत होते. मी रोज विचारायचो, आई रोज “उद्या” म्हणायची.

काल हायवेवर बसची वाट बघत असताना तिचा फोन आला.

“काढली रे पट्टी. उजव्याला उजेडपण दिसत नाय.” गाड्यांच्या आवाजात मी फोन कानाला घट्ट दाबला. “डाव्यानं माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आज कुंकू वाकडं लावलंस.”