थंड हवेची पेटी आणि जाड तार

माझं लग्न फ्यूजच्या तारेपायी मोडायला आलं होतं.

निजामाच्या राज्यात आमच्या नांदेडच्या घरी वीज आली ती दिव्यांपुरती. लाकडी पट्टीतून एक बारीक वायर दिवाणखान्यापर्यंत गेलेली, तिच्यावर दोन बल्ब मिणमिणायचे. (शेजाऱ्यांना तेवढ्याचाही हेवा वाटायचा.) मला बघायला लातूरचे पाहुणे येणार म्हणताच दादांनी, म्हणजे माझ्या वकील वडिलांनी, हैदराबादहून थंड हवेची पेटी मागवली. आत विजेच्या मोटरीवर फिरणारा दांडगा पंखा, पुढं वाळ्याच्या मुळ्यांचा ओला पडदा, म्हणजे टट्टी.

ऐन उन्हाळ्याची दुपार. पाहुणे बसले, दादांनी ऐटीत बटण दाबलं. पंखा घरघरला आणि फट्! फ्यूज उडाला. दादांनी नवी तार घातली. तीही उडाली.

मुलाची आई पदरानं वारा घेत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वकीलसाहेब. उकाडा लातुरातबी हाय."

दादांचा चेहरा उतरला. मला राहवेना. मी मधल्या दारातून म्हणाले, "दादा, तार लई बारीक हाय. जाड घाला, मग न्हाई उडायची. शाळेत शिकवलंय."

"पोरगी हुशार हाय," मुलाची आई म्हणाली. मी हवेतच. (त्या धड्याचं पुढचं पान मी वाचलंच नव्हतं.)

दादांनी अंगणातली कपडे वाळत घालायची तार तोडून फ्यूजमध्ये बसवली. पंखा भन्नाट सुटला! वाळ्याचा गार वास दरवळला, पाहुणे खुलले, गोष्ट मुहूर्तापर्यंत आली.

फ्यूज उडेना, म्हणून मग भिंतीवरची वायरच तापली.

"कायतरी जळायलंय का?" मुलाच्या आईनं विचारलं, तोच तिच्या डोक्यावरची लाकडी पट्टी पेटली. तोवर चकार शब्द न काढलेल्या मुलानं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. मी टट्टी भिजवायची बादली उचलून भिरकावली. थोडं पाणी भिंतीला लागलं. बाकीचं सगळं मुलाच्या आईला.

माझ्या आईनं आतून माझ्याकडं असं बघितलं, जणू आता ही जन्मभर माहेरीच.

मुलाच्या आईनं तोंड पुसलं. "वकीलसाहेब," ती म्हणाली, "आत्ता कुठं जरा गार वाटायलंय."

लग्न झालं. पुढं लातूरच्या घरी वीज आली, तेव्हा सासूबाईंनी बिजलीवाल्याला दारातच गाठलं. "कोणती तार किती जाड, ते तुझं तू बघ बाबा. आमच्या सूनबाईला तेवढं इचारू नको. तिला शाळेत शिकवलंय."