माफीचा जबाब

समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा टेकेल इतकी खुर्ची पुढे ओढायची, त्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायचा आणि म्हणायचं, "घाबरू नका. आपण फक्त बोलतोय." म्हातारा असा बोलायला बसे. तुम्हालाही तो प्रेमळच वाटला असता.

निवृत्तीनंतर तो कतारला, दोह्यात मुलाकडे आलेला. आमच्या वसईकर ख्रिस्ती मंडळींच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला येई. प्रार्थना मी चालवायचो. गुप्त पोलिसांत असताना लोकांकडून कबुल्या काढल्या, हे त्याने आपणहून सांगितलं. "हात लावायची वेळ क्वचितच यायची," हेही, जरा अभिमानाने. आता तरुणपणी सुटलेला धर्म त्याला परत हवा होता. त्याच्या मऊ, कोमट हाताची मला किळस यायची. तरी हात मिळवायचो.

एकदा आमच्या वेदीचं लाकूडकाम निरखत त्याने विचारलं, "सुतार कोण?" मी नाव सांगितलं. मग गाव. मग तो राहतो कुठे, अंगठा वाकडा आहे का. त्याने दिलेलं पाणी पीत पीत मी सगळं ओकलो. माझाच जबाब झाला, हे घरी गेल्यावर कळलं.

"भावाशी समेट करून मगच वेदीपाशी यावं, तुम्हीच वाचता ना?" पुढच्या खेपेला म्हातारा म्हणाला. गाडीत घालून मी त्याला शहराबाहेर, उम्म सलालला सुताराकडे नेलं.

"या भाऊ," म्हणत सुतार रंधा ठेवून उठला. मग त्याला माझ्यामागचा म्हातारा दिसला. सुतार परत खाली बसला.

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. मला म्हणाला, "याला पाणी द्या."

मी दिलं.

"माफ कर मला."

"केलं, साहेब."

"असं नाही. कशाबद्दल ते सांग. घाई नाही, वेळ आहे आपल्याकडे."

सुताराने सांगितलं. ती खोली, बर्फाची लादी, अंगठा.

"आता मनापासून म्हण."

"मनापासून माफ केलं, साहेब. तवा मी न लावलेली आग कबूल केली ना, तसंच हेबी."

म्हाताऱ्याने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. परतताना जपमाळ ओढत म्हणाला, "खलास. हलकं वाटतंय बघा." मी त्याच्या बाजूचा एसी कमी केला.

पुढच्याच शुक्रवारी त्याने फादरपाशी कन्फेशन केलं. यंदा गेला. झोपेत, शांतपणे. "पुण्यवान माणूस," लोक म्हणाले. त्याच्यासाठीची प्रार्थनाही मीच म्हटली.

सुतार माझा फोन उचलत नाही. जाऊन त्याची माफी मागावी, असं रोज वाटतं. पण मी दारात उभा राहिलो, की तो रंधा खाली ठेवेल आणि म्हणेल, "केलं, साहेब."