अप्पांच्या गाडीतला वास

एका रविवारी आई दाजीबानपेठेतल्या मावशीकडं बसनं आली, आणि तिच्या मागोमाग दहा मिनिटांनी अप्पा आपल्या गाडीतून एकटेच आले. दोघं धारवाडहून एकाच घरातून निघाले होते. मी हुबळीतच राहते, म्हणून मावशीकडं आधीच पोचले होते. मावशीनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं.

"त्या गाडीत मी बसणार नाही," आई चप्पल काढत म्हणाली. "पेट्रोलच्या वासानं डोकं भणभणतं. सहा महिने सांगतेय."

"जुनी गाडी आहे," अप्पा म्हणाले. "पेट्रोलवर चालते, अत्तरावर नाही."

वकिलीतलं हे त्यांचं जुनं हत्यार. एक वाक्य टाकायचं आणि समोरच्याला गप्प करायचं. आई गप्प झाली, पण संध्याकाळी परत बसस्टँडवरच गेली. मी मात्र अप्पांबरोबर गाडीत बसले. आईचं खरं की त्यांचं, ते मला बघायचं होतं.

वाटेत उणकल येईपर्यंत माझा घसा खवखवायला लागला होता. मी काच पूर्ण खाली केली. अप्पा आरामात बसले होते, मला कोर्टातली एक जुनी गंमत सांगत. धारवाडात केलगेरीला घरासमोर गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं, तसा वास आणखी वाढला.

"अप्पा, अहो, केवढा वास आहे!"

"तूही आईसारखीच." पण माझ्या समाधानासाठी त्यांनी बोनेट उघडलं. कार्बुरेटरच्या खालची बाजू ओलसर दिसत होती. मी डिकीतलं फडकं घेऊन ती पुसली आणि फडकं त्यांच्या नाकापुढं धरलं.

ते वाकले. लांब श्वास घेतला. माझ्या डोळ्यांत त्या वासानं पाणी आलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"पाणी असेल," ते म्हणाले.

मी फडकं खाली केलं. "अप्पा, तुम्हाला वास येत नाही का?"

त्यांनी बोनेट हळू लावलं, वरून दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाले, "मागच्या वर्षी तो ताप आला नव्हता का, त्यात गेला. येईल परत, म्हणून थांबलो. आईला सांगू नकोस."

"आणि तिच्या आमटीला छान झाली म्हणता ते?"

"तिच्या तोंडाकडं बघून सांगतो. चांगली झाली असली की वाढतानाच ती खूश असते."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण मी म्हटलं, "एखाद्या दिवशी आई बाहेर असताना गॅस गळाला आणि तुम्ही देवाजवळ काडी ओढलीत तर?"

हे त्यांच्या मनात आलं नसावं. माझ्या हातातलं फडकं घेऊन त्यांनी पुन्हा नाकाशी धरलं. तेवढ्यात आई बसनं आली. रात्री जेवताना, मी काही म्हणायच्या आत त्यांनीच तिला सांगून टाकलं.

आई हातातला डाव तसाच धरून बसली. "म्हणजे सहा महिने मी उगीच कुरकुरत नव्हते."

"नाही."

"आणि मी समजत होते, माझं बोलणंच तुम्हाला नको झालंय." मग डाव पातेल्यात ठेवून ती म्हणाली, "आता आधी गाडी नीट करा. वास आहे की गेला, ते मी सांगेन. तुम्ही त्यात बोलायचं नाही."

पुढच्या रविवारपर्यंत गाडी हलवायची नाही असं ठरलं. त्या रविवारी हुबळीहून अप्पांच्या गाडीचे जुने मेस्त्री घरी आले. सत्तरीचे, कमी बोलणारे. मी त्यांच्या सांगण्यावरून दुर्गदबैलच्या बाजारातून पेट्रोलची नवी रबरी नळी आणली होती. जुनी नळी काढून वाकवली तर तिला बारीक चिरा पडलेल्या. सगळ्यांना वाटलं, सापडलं. नवी बसवली, गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद केली. आई पदर सावरून बोनेटपाशी वाकली.

"आहे अजून."

मेस्त्रींनी क्लिपा आवळल्या. "आहे," आई परत वाकून म्हणाली. मग तिनं गाडीला एक फेरी मारली, मागं टाकीच्या झाकणापाशी थांबली. "इथं काही नाही. पुढंच आहे."

मेस्त्रींनी कार्बुरेटर उघडला. आत वाटीएवढ्या जागेत पेट्रोल साठतं आणि त्यावर पितळेचा एक पोकळ फ्लोट तरंगतो. आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच. वाटी भरली की तो वर येतो, वरची सुई दाबतो आणि पेट्रोल बंद होतं. मेस्त्रींनी सुई साफ केली, सगळं परत जोडलं. आई पुन्हा वाकली.

"कमी झालाय. पण आहे."

मेस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी परत सगळं खोललं, फ्लोट उन्हात धरून फिरवला. कुठं भोक दिसेना. इतका वेळ पायरीवर गप्प बसलेल्या अप्पांनी हात पुढं केला. फ्लोट घेऊन त्यांनी कानाशी हलवला.

"थांबा. आत खळखळतंय."

मेस्त्रींनी घेऊन हलवला आणि ते एकदम हसून कानडीत म्हणाले, "ओळग पेट्रोल ऐत्री, साहेब!" फ्लोटच्या पोटातच पेट्रोल शिरलं होतं. जड झालेला फ्लोट वर येत नव्हता, सुई बंद होत नव्हती, आणि वाटी ओसंडत होती. आईनं कढत पाण्याचं पातेलं अंगणात आणलं. फ्लोट त्यात बुडवल्यावर सांध्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली.

"नाक गेलं, पण कान शाबूत आहेत," अप्पा आईला म्हणाले. तिनं त्यांच्या खांद्यावर चापट मारली. माझ्या आठवणीत, आमच्यासमोर पहिल्यांदाच.

मेस्त्रींनी फ्लोट दुकानात नेऊन, पूर्ण रिकामा आणि कोरडा करून सांध्याला कथलाचा डाग दिला. दुसऱ्या दिवशी येऊन बसवला. डाग दिल्यानं वजन वाढलेलं, म्हणून त्याची उंची पुन्हा जुळवली. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर थेट धारवाडला गेले. आई बोनेटपाशी वाकली, मग आत बसली, चारी काचा लावून घेतल्या. आम्ही तिघं बाहेर उभे. तिनं काच थोडी खाली केली.

"चला की. बाहेर काय उभे राहिलाय?"

नंतर आम्ही अप्पांना डॉक्टरकडं नेलं. वास परत येईल अशी खात्री त्यांनी दिली नाही, पण रोज सकाळी चार वेगवेगळे वास घेत राहा म्हणाले. आईनं चार डब्या केल्या: लवंग, वेलची, कॉफी आणि लिंबाची साल. अप्पा डोळे मिटून बसतात, ती एकेक डबी पुढं धरते. कित्येक आठवडे उत्तर एकच होतं, "काही नाही."

परवा मी तिथंच होते. दुसऱ्या डबीला अप्पांच्या भुवया जवळ आल्या. "लवंग," ते म्हणाले.

डबी वेलचीची होती. आईनं माझ्याकडं बघितलं, डोळ्यांनीच गप्प बस म्हणाली, आणि ती डबी पुन्हा त्यांच्या नाकाशी धरली.