मामांच्या तोंडातले खिळे

आमच्या मामांना सगळी गल्ली खिळेमामा म्हणायची. खरं नाव कुणी विचारलं तर मामीलासुद्धा जरा थांबावं लागायचं. त्यांचं काम सोफे-खुर्च्या भरायचं. म्हणजे लाकडाचा सांगाडा सुतार करून देणार, मग त्याला पट्टे ओढायचे, स्प्रिंगा बांधायच्या, काथ्या भरायचा, कापूस पसरायचा आणि वरून कापड असं ताणून ठोकायचं की बोट फिरवलं तरी सुरकुती लागता कामा नये. एका हाताने कापड ताणून धरलेलं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा देणार कोण? तोंड. बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकायची, जिभेने एकेक वळवून त्याची टोपी, म्हणजे चपटं डोकं, पुढे आणायची, ओठात धरायचा. हातोडीला लोहचुंबक असायचं, ती ओठांपाशी नेली की खिळा चिकटायचा, आणि ठक्. बघता बघता कडेने रांग उभी राहायची.

त्यामुळे दिवसभर मामांचं बोलणं म्हणजे नुसतं हं. आखूड हं म्हणजे हो, लांब हं म्हणजे नाही, आणि नाकातून आलेलं हं म्हणजे आता डोकं खाऊ नकोस. गिऱ्हाइकांनापण ती भाषा पाठ झाली होती. मामी म्हणायची, "मुलगा कमी बोलतो म्हणून आईने पसंत केला. तोंडात लोखंड असतं म्हणून कमी बोलतो हे कुणी सांगितलं नाही." मामा त्यावर नाकातून हं करायचे आणि मामी हसत आत जायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे गावभरच्या लोकांच्या खुर्च्या भरल्या जायच्या आणि मामी मात्र आत पाटावर बसायची. तिच्यासाठी म्हणून एक खुर्चीचा सांगाडा आणून ठेवलेला होता, तो कोपऱ्यात धूळ खात होता. आज करू उद्या करू. मामी त्यावर ओले टॉवेल वाळत घालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ही माझी खुर्ची, सध्या उपाशी आहे.

थोरला मुलगा हाताशी आला तसा त्याने पिना मारायची बंदूक आणली. हवेवर चालणारी, फट फट फट, काम पटकन व्हायचं. मामांनी तिला कधी हात लावला नाही. म्हणायचे, पिनेने कापड नुसतं अडकतं, बसत नाही. थोरला हसायचा, पण बापाने अंगावर घेतलेलं काम बंदुकीने करायची त्याची हिंमत नव्हती.

त्या दिवशी टेंपोतून एक मोठा सोफा पोचवायचा होता. फिकट कापड, जरा घासलं तरी डाग दिसणार. मामांची कायमची सवय, सोफा दोरीने बांधायचा नाही, दोरीचा वळ उठतो. स्वतः मागे उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी कवटाळून धरायचं. आयुष्यभर असेच सोफे पोचवले. वाटेत एक स्कूटरवाला आडवा आला, टेंपोवाल्याने करकचून ब्रेक मारला, आणि मामा तोंडावर गेले ते थेट टेंपोच्या बाजूच्या लोखंडी फाळक्यावर. कुणीही पडताना हात पुढे करतो. मामांनी सोफा सोडला नाही.

सोफ्याला ओरखडा नव्हता. मामांचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, गालाचं हाड आत बसलं होतं, आणि एक डोळा सुजून दिसेनासा झाला होता. मामी दवाखान्यात पोचली तर तिला ते ओळखू आले नाहीत. शर्टावरून ओळखलं. मामांनी तिच्याकडे बघून हाताने हवेत सोफा काढून दाखवला आणि भुवई वर केली. ठीक आहे का म्हणून. मामी सांगायची, मला त्या वेळी इतका राग आला की रडायचंच राहून गेलं.

मोठ्या दवाखान्यात नुसत्या मोडलेल्या तोंडांचा वेगळा वॉर्ड होता. मामीला हे माहीतच नव्हतं, कुणाला असतं. रांगेने खाटा, आणि सगळ्यांचे दात तारांनी बांधलेले. मोटरसायकलवरून पडलेली पोरं, बाथरूममध्ये घसरलेल्या म्हाताऱ्या, भांडणात ठोसा खाल्लेला एक, आणि भिंतीकडे तोंड करून निजलेली एक बाई, जी जिन्यावरून पडले एवढंच सांगायची आणि नवरा भेटायला आला की डोळे मिटून घ्यायची. सगळा वॉर्ड हातवारे करून बोलायचा. मामांना मात्र काही शिकावं लागलं नाही, त्यांचं हं तिथेही चाललं. शेजारच्या पोराला त्यांनी आखूड आणि लांब हं शिकवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण धीराने बोलायची. तिने मामीला विचारलं, यांनी हात पुढे का नाही केले. मामी म्हणाली, "हातात सोफा होता." बाई म्हणाली की असे वॉर्ड जगात सगळीकडे आहेत आणि सगळीकडे असेच भरलेले आहेत. "यात बहुतेकांचा जीव वाचतो, मावशी. म्हणून लोकांना वाटतं की सुटलो. पण पुढे याच तोंडाने जेवायचं असतं, बोलायचं असतं, हसायचं असतं. ते कोण धरतं हिशोबात?" मामीला तेव्हा त्यातलं निम्मंच कळलं.

हाडात पट्ट्या बसवल्या, तारा निघाल्या, मामा घरी आले. चेहरा एका बाजूने जरा बसका, पण लोक म्हणाले, वाचले हेच खूप. खालचा ओठ आणि हनुवटी मात्र बधिर राहिली. नस दुखावली होती. येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार, असं डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं. चहा ओठावरून ओघळायचा ते मामांना कळायचं नाही. मामी पदराने पुसायला गेली की तोंड फिरवायचे. चार माणसांत जेवायचं त्यांनी बंद केलं. घट्ट काही चावायचं नाहीच, मऊ भात तेवढा, तोही अर्धा टाकायचे.

पण त्यांच्या जिवाला लागलेलं होतं ते वेगळंच. पुन्हा कामाच्या जागेवर बसता येतं की नाही. एके दुपारी मामी अचानक पुढच्या खोलीत गेली तर मामा आरशासमोर तोंडात खिळे घेऊन उभे. ओठाला कळत नव्हतं म्हणून डोळ्यांनी बघून खिळा वळवायला बघत होते. लाळ गळत होती, खिळे टपाटप खाली पडत होते, आणि ओठातून रक्त येत होतं. टोचलेलं त्यांना कळलंच नव्हतं. मामीने त्यांच्या तोंडात बोट घालून उरलेले खिळे काढले, लेकराच्या तोंडातून काढावेत तसे.

ती म्हणाली, "एखादा गिळला असता म्हणजे? हातात घ्या ना."

"मग हातोडी कशात धरू?"

बोलणं जड झालं होतं, पण हे स्पष्ट आलं.

थोरल्याने बंदूक त्यांच्या बसायच्या जागेपाशी आणून ठेवली. बरेच दिवस ती तिथेच होती. मामा तिच्यावरून पाय टाकून जायचे. नंतर नंतर जायचेही नाहीत, आत बसून राहायचे. दुकानातून फट फट आवाज आला की डोळे मिटायचे.

मग एका सकाळी मामीने तो कोपऱ्यातला सांगाडा ओढत आणला. टॉवेल काढले, धूळ पुसली, आणि समोर पाट टाकून बसली. ओंजळीत खिळे. म्हणाली, "माझी खुर्ची राहिली आहे. कापड तुम्ही धरा, हातोडी तुम्ही धरा. तोंड मी होते."

मामा येऊन बसले.

पहिल्यांदा सगळा गोंधळ. खिळा उलटा लागायचा, नाहीतर मामीचं बोट मध्ये यायचं. मामा म्हणायचे, टोपी पुढे, टोपी. मामी म्हणायची, इतकी वर्षं मी टोपीशी संसार केला का. पण हात बसत गेला. हातोडी पुढे आली की खिळा तयार. आणि काय झालं, मामांचं तोंड रिकामं राहिलं, तर ते बोलायला लागले. अडखळत, अर्धं समजायचं अर्धं नाही. लहानपणी पोहायला शिकले ते, त्यांच्या उस्तादाने हातोडी फेकून मारली होती ते, मामीला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता ते. मामीने विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. मामा म्हणाले, "तोंडात खिळे होते." दोघं इतकी हसली की थोरला कामावरून उठून बघायला आला. मामांचं हसू एकाच बाजूने यायचं. त्या दिवशी त्यांनी ते झाकलं नाही.

काम मुद्दाम सावकाश चाललं होतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बैठक झाली, हात झाले. पण मामांच्या अंगात काही राहिलं नव्हतं, खाणंच नव्हतं. साध्या तापाने धरलं, छाती भरली, आणि मामा गेले. दाखल्यावर तापाचं लिहिलं. टेंपोचा फाळका त्यात कुठे आला नाही.

खुर्चीची पाठ उघडी राहिली होती, काथ्या बाहेर दिसत होता. सगळे भेटून गेल्यावर थोरला बंदूक घेऊन आला, म्हणाला, आई, मी पुरी करतो. तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने बंदूक परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून ठक् ठक् आवाज आला म्हणून सोबतीला राहिलेली एक भाची आतून बघायला गेली. मामी गुडघ्यावर बसली होती, एका हाताने कापड ताणलेलं, दुसऱ्या हातात मामांची हातोडी. रांग वाकडीतिकडी होती. भाचीने विचारलं, मामी, दोन घास खाऊन घेतेस का.

मामीने मागे बघितलं नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि मधून एक टोपी चमकत होती.

"हं," मामी म्हणाली. लांब.