चार वाजताचं ऊन

आमचे सर नकाशा काढण्याआधी प्लॉटवर घडीची खुर्ची टाकून बसत. तेही ऐन वैशाखात, दुपारी चार वाजता, पश्चिमेकडे तोंड करून. मालकालाही शेजारी बसवत. घामाघूम झालेला मालक उठायला लागला की म्हणत, "बसा हो. तुमची माणसं इथे रोज बसणार आहेत."

नव्वदच्या दशकात नाशकात मी त्यांच्याकडे ड्रॉइंग काढायला होते. गंगापूर रोडवर तेव्हा जो तो बिल्डिंगला निळ्या काचा लावायला निघाला होता. सरांचं आपलं एकच. उत्तरेकडून हवा तेवढा उजेड घ्या, दक्षिणेला छज्जा द्या, पश्चिमेला खिडकी लहान ठेवा आणि तिच्याबाहेर उभ्या पट्ट्या लावा. छज्ज्याची रुंदी ते सूर्याचे कोन मांडून काढत आणि त्यातला इंचही सोडत नसत. "दिवसा ट्यूब लावावी लागली तर आर्किटेक्ट नापास," हे ते दुसऱ्या आर्किटेक्टच्या तोंडावरही म्हणत.

मग एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीचं काम आलं. आम्हा तिघांच्या ऑफिसला दोन वर्षं पुरलं असतं एवढं मोठं. चेअरमनना पश्चिमेची अख्खी दर्शनी बाजू काचेची हवी होती. "मुंबईसारखं करा सर. गरम झालं तर एसी आहेच की."

"एसीने हवा गार होते, चेअरमनसाहेब. डोळ्यांत घुसणारं ऊन नाही," सर म्हणाले आणि नकाशांची गुंडाळी उचलून चालते झाले.

महिनाभरात माझी नोकरी गेली. "तुमच्या हट्टापायी आमचं काय?" मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी दुसऱ्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला.

कचेरी झाली, चकचकीत. काही कामाने मी तिथे गेले तर काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली आणि भरदुपारी ट्यूबलाइट चालू. काउंटरवरची येवल्याकडची क्लार्क म्हणाली, "काय करता ताई, तीन वाजले का कम्प्युटरच दिसत नाय. लय चमकतं."

मी मोठ्या उत्साहाने सरांना ही बातमी दिली. ते उलट माझ्यावरच उखडले. "त्या पोरींचे डोळे जातायत आणि तू हसतेस?" दुसऱ्या दिवशी ते न बोलावता चेअरमनच्या केबिनबाहेर जाऊन बसले. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी चेअरमननी काचेबाहेर पट्ट्या लावायला होकार दिला. कोनशिलेवर नाव दुसऱ्याचंच राहिलं.

पुढे काही वर्षांनी सर गेले. तोवर मी स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. एका हॉस्पिटलच्या मालकांनी माझ्याकडेही काचेची भिंत मागितली. पेशंटच्या खाटा नेमक्या पश्चिमेला. मी नाही म्हटलं.

"मग दुसरा आर्किटेक्ट बघतो."

"बघा," मी म्हटलं, अगदी सरांच्या ठसक्यात.

ते गेल्यावर मात्र मी घाबरून पुढच्या महिन्याच्या पगारांचा हिशेब मांडायला बसले. ऑफिसातल्या दोघी पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सरही नकाशांची गुंडाळी उचलून निघाले त्या दिवशी असेच घाबरले असतील, हे इतक्या वर्षांत मला सुचलंच नव्हतं.